मल्हार आईला काय म्हणायचा

लाईट आता तासभर तरी येत न्हाई. बसा हितंच ओट्यावर. अपेक्षा, मगाशी तू जिन्यातनं "ए मम्मे" म्हणून वरडलीस, तवाच हे माझ्या डोक्यात आलं. तुमची पिढी सगळी मम्मीवाली. तुझा बाप त्याच्या आईला, म्हंजी माझ्या थोरल्या भावजयीला, काकू म्हणायचा. स्वतःच्या आईला काकू. घरात चुलतभावंडं धा, ती काकू म्हणायची, ह्यानं बी तेच उचललं. तवा घरोघरी असंच. कुणाची आये, कुणाची बय, कुणाची नानी. लेकरू काय ठरवून म्हणत न्हाई. कानावर पडंल ते तोंडात बसतं, आन् मग मरेस्तवर तेच राहतं.

तर खंडूचं सांगतो. ऐकीव न्हाई. खंडू माझ्याबरोबर कुरकुंभला कंपनीत होता. मी बॉयलरवर, तो पॅकिंगला. त्याचा रूमपार्टनर मल्हार, शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचा. धनगराचं पोर, सव्वीस वर्षांचं, लग्न व्हायचं होतं. दोन हजार दोन साली दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सेकंड शिफ्ट सुटल्यावर पायी रूमवर येताना हायवेला त्याला गाडीनं उडवलं. गाडी कुठली ते काय शेवटपर्यंत कळलं न्हाई. गावाकडनं चुलते आले, घेऊन गेले. आम्ही धा-बारा जण मातीला जाऊन आलो.

मागं त्याचा लॉकर राहिला. तीन आठवडे झाले तरी कुणी न्यायला येईना. शेवटी सुपरवायझर खंडूला म्हणला, तुझी शनिवारी सुट्टी हाय, तू देऊन ये त्याच्या आईला. सामान तरी काय, सेफ्टी शूज, जेवणाचा डबा, एक स्वेटर, एक टॉवेल. सगळं एका पिशवीत बसलं.

तारीख सांगतो. तेवीस नोव्हेंबर, शनिवार. त्या दिवशी संकष्टी होती, कॅलेंडरात चंद्रोदय आठ पन्नासचा. खंडू दुपारी दोनला एम-एटी घेऊन निघाला. पाटस, चौफुला, न्हावरा. न्हावऱ्याला गाडी पंक्चर झाली, तिथं तास गेला. शिरूर सोडून मलठणवरनं कवठ्यात पोचला तवा दिवस बुडाला होता. दुकानापाशी मल्हारचा चुलता भेटला, कोंडिबा. त्यानं वाट दाखवली. वहिनी मळ्यात राहते, गावापासनं मैलभर, ऊस संपला की एकच घर. मग जरा थांबून म्हणला, "पाव्हणं, दारात गेल्यावर हाक मारू नका. नुसती कडी वाजवा."

खंडूला वाटलं, वाघाचं भ्या असंल. तवा त्या भागात उसात बिबटे निघायचे, अंधार पडला की लोकं दारं लावून घ्यायची. त्यानं जास्ती इचारलं न्हाई.

घर म्हंजी दोन खणाचं, पत्र्याचं. एकच दार, लाकडी, जुनं. मागं भिंत. एक झरोका, त्यात हात जाईल येवढाच. त्यानं कडी वाजवली. आतनं कुणी कोण हाय म्हणून इचारलं न्हाई. दार बोटभर उघडलं, आतनं बाईनं त्याला न्याहाळलं, मनगट धरून आत ओढलं, आन् मागं अडसर घातला.

तीच सगुणाबाई. मल्हारची आई. पन्नाशीची असंल, वाळलेली, उपासाचं तोंड. खंडूनं सांगितलं मी कोण, कशाला आलो. तिनं कंदील मोठा केला, त्याच्यापुढं पिशवी घेऊन बसली. एकेक वस्तू काढून मांडीवर ठेवली. टॉवेल नाकाला लावून बराच वेळ तशीच राहिली. खंडू म्हणला, मावशी, मला रात्रीच माघारी फिरायचंय, सकाळची शिफ्ट हाय. तिनं मान हलवली. चांद वर आल्याबिगर आता दार उघडायचं न्हाई म्हणली. त्याला वाटलं, संकष्टीचंच काहीतरी असंल.

साडेसहा वाजले असतील. बाहेरनं हाक आली.

"आई."

खंडू उठला. कुणीतरी आलंय म्हणला. तिनं त्याचं मनगट धरलं आन् खाली बसवलं. बाईच्या हाताला येवढी ताकद कुठनं आली म्हणला, मला कळंना.

"आये."

दारापासनं लांब नव्हतं. अंगणाच्या मधी असंल. हाक मारायची, मग थांबायचं. उत्तराची वाट बघायची. मग दुसरी.

"बय..."

आता खंडूनं आवाज ओळखला. चार वर्षं एका खोलीत काढलेली. घोगरा, शेवटाला जरा वर जाणारा. मल्हारचा आवाज होता तो.

"मम्मी..."

सगुणाबाई टॉवेलाची घडी घालत बसली होती. रोजचंच असल्यागत. मग तिनं हळू आवाजात त्याला सगळं सांगितलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासनं हे येतंय. चांदणं असलं की येत न्हाई. पुनवेला आलंच न्हाई. आता चांद रोज उशिरा उगवतोय, तसं ते रोज जास्ती वेळ थांबतंय. काल दीड तास होतं, आज दोन-अडीच तास. अवसेला रातभर थांबंल. आवाज माझ्या लेकाचा हाय, पर त्यो माझा लेक न्हाई म्हणली, कारण मल्हार तिला ह्यातलं कायच म्हणत नव्हता. तो जे म्हणायचा ते ह्या अंगणात कुणाच्या तोंडून निघू नये म्हणून तिनं दिरांना सुद्धा बजावलं होतं. अंगणातनं मला हाक मारू नका. काय बोलायचं ते आत येऊन बोला.

"माझा आला तर बरोबर हाक मारील," ती म्हणली. "मग मी उघडीन. कसा बी असंना, उघडीन. तोवर न्हाई."

खंडू मला सांगताना हितं थांबला होता. म्हणला, आप्पा, मला गप बसता आलं असतं.

कारण त्याला ठाऊक होतं. सगळ्या पॅकिंगला ठाऊक होतं. चहाच्या सुट्टीत मल्हार आईचं बोलायचा आन् पोरं त्याची चेष्टा करायची. सतरा माणसांचं घर, पाच दीर, उठता-बसता वैनी हे दे, वैनी ते दे. पोरानं तेच उचललं. खंडू भ्यालेला. त्या बाईला धीर द्यावा, आपण बी मल्हारच्या जवळचेच हाय हे कळावं, येवढंच त्याच्या मनात. तो म्हणला,

"व्हय मावशी. वैनी म्हणायचा तुम्हाला."

तिनं त्याच्याकडं बघितलं. रागानं न्हाई. बघतच राहिली.

बाहेर सगळं गप झालं. रातकिडं सुद्धा.

मग अगदी दारापाशी...

"वैनी."

अपेक्षा, ते दार ओढून घे गं जरा. आतनं वारं येतंय.

सगुणाबाई उठली. मांडीवरचा डबा खाली पडला, तिला कळलं न्हाई. ती दारापाशी गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं आवाज दिला. मल्हार, म्हणली. बाहेरनं लगेच आलं, "वैनी, दार उघड." तिचा हात अडसरावर गेला. खंडूनं मधी पडून अडसर दाबून धरला. म्हणला मावशी, न्हाई, ते माझ्या तोंडचं ऐकलंय त्यानं, आत्ता ऐकलंय.

"मला कळत न्हाई व्हय ते?" ती म्हणली. "माझ्यापाशी तेवढी एकच खूण होती. आता खरंच त्यो आला तरी मी कशावरनं ओळखू?"

खंडूनं तिचे पाय धरले. तिनं अडसरावरचा हात काढला. दाराला पाठ लावून खाली बसली. बाहेर ते वैनी, वैनी करीत होतं. आता थांबत नव्हतं. दर हाकेला दाराच्या फळीला काहीतरी टेकायचं. कपाळ टेकवल्यासारखं.

किती वेळ गेला ते खंडूला सांगता येत न्हाई. बाहेर अंगणात त्याची गाडी होती, धा पावलांवर. पत्र्याला हात लावून बघितला, खिळे पक्के. झरोक्यातनं अंधाराशिवाय काय दिसत नव्हतं.

मग सगुणाबाईनं मान फिरवली आन् दाराच्या फटीला तोंड लावून इचारलं.

"चारचौघांत वैनी म्हणायचास. रातच्याला, माझ्या कुशीत, काय म्हणायचास?"

बाहेर गप.

खंडूला म्हणली, हे दिरांना बी ठाऊक न्हाई. त्याच्या बापाला बी ठाऊक नव्हतं. तीन-चार वर्षांचा होईस्तवर म्हणायचा. मग त्याचा त्यो इसरला. मी न्हाई इसरले.

आठ वाजले होते. खंडूनं घड्याळ बघितलं, चंद्रोदयाला पाऊण तास.

बाहेर परत सुरू झालं. हळू. आठवून आठवून.

"माय..."

"अक्का..."

"नानी..."

खंडूच्या ध्यानात आलं, आवाज बदलत होता. मल्हारचाच होता, पर घोगरेपणा गेला होता. सोळा-सतरा वर्षांच्या पोराचा वाटत होता. मग अजून कवळा.

"बाई... माऊ..."

आता शाळेतल्या पोराचा.

आन् आवाज दाराच्या वरच्या अंगानं येत नव्हता. खाली आला होता. कडीच्या खाली. अजून खाली.

मग शब्दच न्हाईत. लेकरू बोलायला शिकताना काढतं तसले आवाज. एक काढायचा. थांबायचं. दुसरा. सगुणाबाई दर आवाजाला मान हलवायची. न्हाई. न्हाई. तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आन् ती मान हलवत होती.

खंडू कानांवर हात घेऊन बसला.

घड्याळात आठ चाळीस.

दाराच्या फटीत, खाली, अगदी बारीक काहीतरी झालं. सगुणाबाईचा कान तिथंच होता. खंडूला ऐकू आलं न्हाई. मी त्याला शंभरदा इचारलं असंल. न्हाई आलं ऐकू.

तिची मान हलायची थांबली.

ती उठली. अडसर काढला. खंडूनं तिचा दंड धरला. म्हणला मावशी, धा मिनिटं, धाच मिनिटं, चांद येतोय.

"सोड," ती म्हणली. "हाक बरोबर हाय."

"पर कोण हाय ते..."

"हाक बरोबर हाय."

दार उघडलं. अंगण मोकळं. कुणी न्हाई. उंबऱ्यावर ती वाकली. दोन्ही हात पुढं केले. आन् उठली ती डाव्या अंगाला कलून. डावा हात कमरेशी वळलेला. बाया लेकरू कडेवर घेतात तशी.

कडेवर काय नव्हतं.

ती अंगणात गेली. सावकाश, पावलं हलकी टाकत, अंग डोलवत. एक फेरी मारली. तेवढ्यात उसाच्या शेंड्यावर चांद आला, तांबडा, एका बाजूनं झिजलेला. ती थांबली. उजवा हात वर केला आन् चांद दाखवला.

तिच्या शेजारी कुणी नव्हतं... तरी दाखवला.

मग आत आली. अडसर परत घातला. चूल पेटवली, नैवेद्याचं केलं, उपास सोडला. सगळं एका हातानं. खंडूला ताट वाढलं. त्यानं ते बाजूला सारलं. तो म्हणला मावशी, चांद आलाय, मी निघतो.

"आता कुठं?" ती म्हणली. "आता दार उघडायचं न्हाई. ते बाहेर पळंल."

खंडू कोपऱ्यात बसला. कंदील बारीक केला तिनं. पडली. अंधारात तिचा श्वास ऐकू येत होता. आन् तिच्या श्वासाच्या मधी-मधी दुसरा. बारीक. जलद. रात्रीत एकदा ते जागं झालं असावं, कारण सगुणाबाई थोपटत होती आन् म्हणत होती, पाव्हणं हायती, भ्यायचं न्हाई. खंडूनं पाय जवळ घेतले. सकाळपर्यंत पाय लांब केले न्हाईत.

फटफटल्यावर तिनं दार उघडलं ते बी येवढंसं, तो अंगानं बाहेर निघंल इतकंच. उंबऱ्याबाहेर आल्यावर त्यानं इचारलं, ते मल्हारच हाय का?

तिनं डावा हात कमरेशी सावरला. मग म्हणली, "हाक बरोबर हाय, बाबा. आता मल्हार न्हाई म्हणून मी त्याला कुठं टाकू?"

त्यानंतर ती सहा वर्षं जगली. खंडू वर्षातनं एकदा जायचा. चूक त्याची होती, असं तो म्हणायचा. मी त्याला समजवायचो, पर त्याला पटायचं न्हाई. सगुणाबाई कधी परगावी गेली न्हाई. भावाच्या पोरीचं लग्न होतं केंदूरला, तिथं सुद्धा दुपारी जाऊन दिवस बुडायच्या आत माघारी. कुणी राहा म्हणलं तर म्हणायची, घरी हाय ना. कोण हाय ते सांगायची न्हाई. शेतात जाताना दाराला बाहेरनं कडी घालायची. चालायची डाव्या अंगाला कलून. डॉक्टर म्हणला कंबरंचं दुखणं असंल. गावातल्या बाया काय म्हणायच्या ते मी सांगत न्हाई. पुढं-पुढं ती लई वाळली. खंडू म्हणायचा, जडच झालंय तिला ते, पर हात तेवढाच वळलेला, वाढत कसं न्हाई कुणास ठाऊक.

दोन हजार नऊच्या जानेवारीत ती गेली. झोपेतच. कोंडिबाचा फोन आला तवा मी बी खंडूबरोबर गेलो. संध्याकाळी माती झाली. रीतीप्रमाणं, ती जिथं गेली तिथं जमिनीवर पीठ पसरलं, पणती लावली, वर बांबूच्या पाटीचं डालगं झाकलं. मळ्यात रात्री राहायला कुणी तयार होईना. कोंडिबानं दाराला बाहेरनं कडी घालून कुलूप लावलं, आन् आम्ही सगळे गावात येऊन झोपलो.

सकाळी राख सावडायला जायचं होतं. घरातनं तांब्या पाहिजे होता. कोंडिबानं किल्ली माझ्या हातात दिली. मी आन् खंडू, दोघंच गेलो. कुलूप होतं तसं होतं. मी काढलं. दार ढकललं.

पणती विझलेली. डालगं एका बाजूला लवंडलेलं. पीठ सगळीकडं झालेलं. मी म्हणलं मांजर असंल. खंडू आत सुद्धा आला न्हाई. उंबऱ्यावर उभा राहून उघडलेल्या दाराकडं बघत होता. दाराच्या आतल्या बाजूकडं.

मी वळून बघितलं.

पिठाच्या हातांचे ठसे. माझ्या तीन बोटांत मावतील येवढे. गुडघ्याच्या उंचीवर, एकावर एक, फळी पांढरी होईस्तवर. रातभर कुणीतरी आतनं थापा मारल्यासारखे.

आम्ही तांब्या घेतला न्हाई. खंडूनं दार ओढलं. कडी घातली. मी कुलूप लावलं.